मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा : प्रकल्प नोंदी

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

आमच्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आज इंदूरच्या रामबागेतल्या घरी आणला. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे, म्हणजे हाताशी जेमतेम पाच आठवडे आहेत. तक्रार जुनीच आहे : माइक काढला आणि आवाजाचे बटण शून्यावर नेले, तरी स्पीकरमधून ‘घूं’ असे हमिंग सतत येत राहते. मृदंग सुरू झाला की ते झाकले जाते, म्हणून गेली दोन वर्षे कोणी मनावर घेतले नव्हते. यंदा काकांनी मात्र हट्ट धरला आहे, कारण स्पीकरजवळ बसून तंबोरा लावताना त्यांचा पंचम काही केल्या स्थिर वाटत नाही.

काकांची ही तक्रार निदानाला फार उपयोगी पडली. ते पांढरी एकमध्ये गातात. त्या सुरात तंबोऱ्याची पंचमाची तार सेकंदाला सुमारे ९८ कंपनांवर लागते. हमिंग चालू असताना ती तार छेडली, तर आवाज सेकंदाला साधारण दोनदा फुगतो आणि ओसरतो; यालाच पदार्थविज्ञानात विस्पंद म्हणतात. याचा अर्थ हमिंग १०० हर्ट्झचे आहे. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे आणि ब्रिज रेक्टिफायर तिच्या प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेला वळवतो, त्यामुळे त्याच्या पुढे निघणारे उंचवटे सेकंदाला शंभर असतात. ब्रिजमधला एखादा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उघडा पडला असता, तर अर्धे उंचवटे गळून ५० हर्ट्झचा आवाज आला असता. तेव्हा चारही डायोड शाबूत असावेत आणि दोष त्यांच्या पुढे असावा, असा तर्क करून खोके उघडले.

आत टीडीए २०३० या आवाज वाढवणाऱ्या आयसीचे साधे सर्किट, १८ व्होल्ट २ अ‍ॅम्पियरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा एक कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारी डबी, काकांच्या भाषेत कंडेन्सर) आहे. कपॅसिटरच्या बुडाचे रबर फुगून बाहेर आले आहे. सुटा करून मोजल्यावर तो फक्त ७४० मायक्रोफॅरड भरला. त्याच्या मरणाचे कारणही लगेच सापडले. लोड (म्हणजे वीज ओढणारे काही) नसताना ट्रान्सफॉर्मर १८ ऐवजी २० व्होल्ट देतो, त्याला १.४१४ ने गुणले आणि दोन डायोडांचे सव्वा व्होल्ट वजा केले, तर कपॅसिटरवर २७ व्होल्ट येतात. म्हणजे २५ व्होल्टचा कपॅसिटर पहिल्या दिवसापासून त्याच्या मर्यादेच्या वर राबत होता.

काकांचे म्हणणे, “अरे, मोठा कंडेन्सर टाक म्हणजे झालं.” मलाही आज तसेच वाटते.

बुधवार, ७ ऑगस्ट

आज फक्त कागदावरचे काम केले.

कपॅसिटर नसेल तर रेक्टिफायरच्या पुढे व्होल्टेज दर १० मिलिसेकंदांनी शून्याला टेकून परत शिखरावर जाते. कपॅसिटर जोडला की तो शिखराशी भरतो. शिखर ओलांडून ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज कपॅसिटरच्या खाली आले की डायोड बंद होतात, आणि तेथून पुढच्या उंचवट्यापर्यंत लोडला लागणारा सगळा प्रवाह एकटा कपॅसिटर पुरवतो. तेवढ्या वेळात त्याचे व्होल्टेज जितके उतरते तितकी रिपल. इंदुरात ज्यांच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही : नळ तासभर येतो, टाकी भरते आणि पुढचा नळ येईपर्यंत घर टाकीवर चालते. माझ्या मते या दाखल्यातला महत्त्वाचा भाग टाकी नसून तो एक तास आहे. दोन दिवसांचे पाणी त्या तासाभरात यायचे असल्यामुळे नळाची धार घरातल्या वापराच्या कितीतरी पट जोरात असावी लागते. डायोडांतून जाणाऱ्या प्रवाहाचेही तसेच असणार, हे येथे लिहून ठेवतो.

हिशोब सोपा आहे. प्रवाहाला वेळेने गुणावे आणि कपॅसिटरच्या धारकतेने भागावे, की उतार मिळतो. वेळ ढोबळपणे पूर्ण १० मिलिसेकंद धरला, तर १ अ‍ॅम्पियरच्या लोडवर १००० मायक्रोफॅरडला १० व्होल्ट, २२०० ला साडेचार, ४७०० ला सुमारे २.१ आणि १०,००० ला १ व्होल्ट रिपल येते. प्रत्यक्षात डायोड पुढच्या शिखराच्या आधीच चालू होतात, म्हणून खरी रिपल यापेक्षा कमी यायला हवी. किती कमी, ते मोजूनच कळेल.

चढ्या आवाजात हा अ‍ॅम्प्लिफायर सरासरी पाऊण अ‍ॅम्पियर घेतो, असे धरून ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट हा आकडा पक्का केला. ३५ व्होल्टचाही चालला असता, पण रात्री उशिरा आमच्याकडे मेन व्होल्टेज २५० पर्यंत चढते आणि तेव्हा २७ चे २९ होतात.

शनिवार, १० ऑगस्ट

जेल रोडवर जाऊन सामान आणले. डायोड वन एन ५४०८ घेतले. ते ३ अ‍ॅम्पियरचे आहेत आणि एका आवर्तनापुरता २०० अ‍ॅम्पियरचा धक्का सोसतात. वन एन ४००७ हा धक्का ३० पर्यंतच सोसतो. रिकामा कपॅसिटर बटण दाबताक्षणी जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखा वागतो. या ट्रान्सफॉर्मरचा अंतर्गत रोध सव्वा ओहमच्या आसपास आहे, म्हणजे नेमके शिखरावर बटण दाबले गेले तर पहिला झोत वीस-बावीस अ‍ॅम्पियरचा असू शकतो. वन एन ४००७ तो कदाचित सोसेलही, पण दहा रुपये वाचवण्यासाठी काठावर चालण्यात अर्थ नाही.

कपॅसिटर तीन घेतले, दोन एका दुकानातून आणि एक दुसऱ्या दुकानातून. तिसरा हातात घेताच हलका वाटला. दुकानदाराने “भिया, ओरिजनल है” असे म्हणत तो परत पिशवीत टाकला आणि मी भिडेखातर घेतला. घरी मोजल्यावर पहिले दोन ४१२० आणि ४२५० भरले. या प्रकारच्या कपॅसिटरमध्ये २० टक्के फरक मान्यच असतो, त्यामुळे तक्रार नाही. तिसरा मात्र २९०० भरला. त्याच्यावर खडूने फुली मारून तो खणात टाकला.

रविवार, ११ ऑगस्ट

ब्रिज आणि कपॅसिटर वेगळ्या पट्टीवर जोडले. पहिली वीज नेहमीप्रमाणे सिरीज बल्बमधून, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत जोडलेल्या साध्या बल्बमधून, दिली. बल्ब एकदा लखकन पेटून विझायला हवा होता, तो पेटलेलाच राहिला. तीन-चार सेकंदांत प्लग ओढला. कपॅसिटर उलटा लागला होता : ऋण टोकाची खूण असलेला पट्टा मी भिंतीच्या बाजूला फिरवला होता आणि नंतर पट्टीच उलटी धरून सोल्डर केले होते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेला ऑक्साइडचा थर हाच विद्युतरोधक असतो. तो अत्यंत पातळ असल्यामुळेच एवढ्याशा डबीत हजारो मायक्रोफॅरड मावतात. व्होल्टेज उलटे दिले की त्या थराचा रोध टिकत नाही, प्रवाह वाहू लागतो, आतला द्रव तापून वायू होतो आणि डबीच्या माथ्यावर कोरलेल्या रेषा त्या वायूला वाट देण्यासाठी फाटतात. ६० वॅटच्या बल्बने प्रवाह अडवून धरला, म्हणून ती वेळ आली नाही. तरीही हा कपॅसिटर (४१२० वाला) सुलट करून, पुन्हा बल्बमधूनच, तासभर हलक्या व्होल्टेजवर ठेवला आणि नंतर मोजला. आकडा बदललेला नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा हा कपॅसिटर आणि चार डायोडांचा ब्रिज या दोन्हींची पेटंटे एकाच माणसाच्या नावावर आहेत, हे मला फार आवडते. तो पोलिश अभियंता कारोल पोलाक. ब्रिजचे पेटंट त्याने डिसेंबर १८९५ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले आणि कपॅसिटरचे १८९६ मध्ये. ब्रिजला नाव मात्र लिओ ग्रेट्झचे चिकटले, ज्याने तीच मांडणी स्वतंत्रपणे शोधून १८९७ मध्ये प्रसिद्ध केली.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी असल्यामुळे मित्राचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र) दिवसभरासाठी मिळाला. लोड म्हणून ४७ ओहमचे, २० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर समांतर जोडले. ते पाच मिनिटांत हात लावता येणार नाही इतके तापतात, म्हणून फरशीच्या तुकड्यावर ठेवले.

कपॅसिटर नसताना पडद्यावर पाठोपाठ कमानी दिसल्या. १००० मायक्रोफॅरड लावताच कमानींच्या मधल्या दऱ्या भरून आल्या आणि ५.७ व्होल्टची करवतीच्या दातांसारखी रेघ उरली. २२०० ला ती ३.० झाली, ४७०० च्या एका कपॅसिटरला १.६, आणि दोन्ही समांतर लावल्यावर ०.८. सरासरी व्होल्टेज साडेबावीसच्या आसपास राहिले. बुधवारच्या हिशोबाशी तुलना केली, तर खरी रिपल ढोबळ आकड्याच्या साधारण दोन-तृतीयांश येते. छापील आकड्याऐवजी प्रत्यक्ष मोजलेली धारकता धरूनही प्रमाण साधारण तेवढेच राहते. डायोड दर १० मिलिसेकंदांपैकी पावणेचार मिलिसेकंद चालू असतात, त्यामुळे कपॅसिटरला एकट्याने सहा-सात मिलिसेकंदच ओढावे लागतात.

ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नाही, त्यांच्यासाठी मल्टिमीटरचीही नोंद करतो. साधा मीटर एसी व्होल्टवर ठेवून १.६ व्होल्टच्या रिपलला ०.४५ दाखवतो, म्हणजे शिखर ते तळ या अंतराच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त. मात्र माझा दुसरा, स्वस्त मीटर त्याच ठिकाणी ४८ व्होल्ट दाखवून मोकळा झाला, कारण तो एसीवर असताना डीसी अडवतच नाही. त्याच्या तारेत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातल्यावर तो शुद्धीवर आला.

आता ‘एका तासाच्या धारे’ची गोष्ट. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज यांच्यामध्ये ०.१ ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचे व्होल्टेज पाहिले. लोडमधून १ अ‍ॅम्पियरहून थोडा कमी प्रवाह शांतपणे वाहत असताना डायोडांतून मात्र ३.६ अ‍ॅम्पियर शिखराचे ठोके जात होते. कपॅसिटर दुप्पट केल्यावर हे ठोके बरेच उंच होतील अशी माझी अपेक्षा होती, पण ते ३.६ वरून फक्त ३.७ झाले. हजारवर ते ३.२ होते. विचार केल्यावर उलगडा झाला : ठोक्याची उंची येथे मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा रोध ठरवतो, आणि एका मर्यादेनंतर कपॅसिटर वाढवल्याने रिपल उतरते, पण ठोके होते तसेच राहतात. या ठोक्यांमुळे सेकंडरीतला (ट्रान्सफॉर्मरच्या ब्रिजकडच्या वेटोळ्यातला) परिणामी प्रवाह, म्हणजे तापण्याच्या हिशोबाने धरायचा प्रवाह, डीसी प्रवाहाच्या दीडपटीहून जास्त होतो, म्हणून २ अ‍ॅम्पियर लिहिलेल्या ट्रान्सफॉर्मरकडून सतत सव्वा अ‍ॅम्पियरपेक्षा जास्त डीसी मागू नये.

रविवार, १८ ऑगस्ट

नवा पुरवठा खोक्यात बसवला, सर्व तारा जुन्याच जागी जोडल्या, आणि हमिंग राहिले.

पूर्वीइतके नाही. तळातला भरीव ‘घूं’ बराच उतरला आहे, पण त्याच्या जागी एक बारीक, धारदार ‘झर्र’ ऐकू येते, जे पूर्वी त्या भरीव आवाजाखाली दडलेले असावे. दुसरा ४७०० समांतर लावला, तरी कानाला तिळमात्र फरक नाही. आयसीचा इनपुट त्याच्या पायाशीच ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या सामाईक तारेला) शॉर्ट केला, तरी आवाज तसाच. स्पीकरवर मोजले तर ११० मिलिव्होल्ट. काका येऊन ऐकून गेले, काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणेच जास्त लागले.

शांत असताना अ‍ॅम्प्लिफायर, प्रीअ‍ॅम्प (माइकचा बारीक आवाज आधी वाढवणारे सर्किट) आणि वरचा छोटा दिवा मिळून ८० मिलिअ‍ॅम्पियर घेतात. एवढ्याशा प्रवाहाला पुरवठ्यावर रिपल फक्त ०.१७ व्होल्ट आहे, आणि त्यातली बहुतांश आयसी स्वतःच दाबून टाकतो. मग हे येते कोठून?

रविवार, २५ ऑगस्ट

सापडले. आठवडाभर कपॅसिटरकडे पाहत होतो आणि दोष १५ सेंटिमीटरच्या काळ्या तारेत होता.

ब्रिजच्या ऋण टोकापासून कपॅसिटरच्या ऋण टोकापर्यंत एक तार जाते. जुन्या जोडणीत इनपुटचे ग्राउंड या तारेच्या ब्रिजकडच्या टोकाला सोल्डर केलेले होते, आणि मीही ते जसेच्या तसे तेथेच लावले होते. आकृतीत हे दोन्ही बिंदू एकच आहेत. ग्राउंडची खूण काढली की काम संपते. तांब्यात ते एक नाहीत. ही तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची आहे, म्हणजे १५ सेंटिमीटरला साधारण ५ मिलिओहम रोध. लोड फक्त ८० मिलिअ‍ॅम्पियर असला, तरी कपॅसिटर भरण्याचे ठोके शिखराला पाऊण अ‍ॅम्पियरच्या आसपास जातात, कारण लोड हलका असताना डायोड आणखीच कमी वेळ चालू राहतात. पाऊण अ‍ॅम्पियर गुणिले ५ मिलिओहम म्हणजे पावणेचार मिलिव्होल्ट, सेकंदाला शंभर वेळा, थेट इनपुटच्या ग्राउंडमध्ये. आयसी त्याला माइकचा आवाज समजून सुमारे ३२ पट करतो. उत्तर १२० मिलिव्होल्ट येते, आणि मोजलेले ११० होते. आठवडाभर चुकल्यावर हिशोब इतका जवळ जुळला, याचा आनंद लपवत नाही.

बाकीची कोडीही एका दमात सुटली. आवाज ‘घूं’ नसून ‘झर्र’ होता, कारण टोकदार ठोक्यांत १०० बरोबर २००, ३००, ४०० हर्ट्झही भरपूर असतात. दुसरा कपॅसिटर लावून फरक पडला नाही, कारण १५ ऑगस्टला पाहिल्याप्रमाणे कपॅसिटर वाढवला तरी ठोके तेवढेच राहतात. मी ज्याचा उपाय वाढवत होतो तो रोगच वेगळा होता. बुधवार, ७ तारखेला ‘धार’ कपॅसिटरच्या मागे जोरात असणार असे स्वतःच्या हाताने लिहिले होते, आणि तरीही ती धार कोणत्या तारेतून जाते हे पाहिले नव्हते.

इलाज दहा मिनिटांचा होता. ब्रिजच्या दोन तारा कपॅसिटरच्या टोकांवर आणून संपवल्या. तेथून, त्याच टोकांवरून पण वेगळ्या तारांनी, आयसीचा पुरवठा, स्पीकरची परतीची तार आणि इनपुटचे ग्राउंड निघाले. आता भरण्याचे ठोके ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर एवढ्याच फेऱ्यात फिरतात. स्पीकरवर ४ मिलिव्होल्ट. कान जाळीला टेकवला तर काहीतरी असल्याचा भास होतो, एवढेच.

दुसरा ४७०० काढून टाकला.

शनिवार, ३१ ऑगस्ट

उरलेली किरकोळ कामे. प्रीअ‍ॅम्प १० मिलिअ‍ॅम्पियर घेतो, म्हणून त्याच्या पुरवठ्यात १०० ओहम आणि १००० मायक्रोफॅरड घातले. १ व्होल्ट जातो, पण १०० हर्ट्झला हा कपॅसिटर जेमतेम १.६ ओहमचा असल्यामुळे रिपल साठाव्या हिश्श्यावर येते. ७८१२ रेग्युलेटर (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा आयसी) लावण्याचा मोह आवरला. तो लावायचा असता, तर सरासरीऐवजी रिपलच्या दरीतले व्होल्टेज १२ पेक्षा दोन-अडीच व्होल्टने वर राहते की नाही एवढे पाहावे लागले असते, आणि येथे ते सहज राहते. पण एवढ्याशा प्रीअ‍ॅम्पला त्याची गरज नाही.

मुख्य कपॅसिटरवर २.२ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडला. २७ व्होल्टला भरलेल्या ४७०० मायक्रोफॅरडमध्ये सुमारे पावणेदोन ज्यूल ऊर्जा असते. बोटाला फारसे काही होणार नाही, पण मंगळवारी माझ्या पेचकसाच्या टोकाला खड्डा पडला आहे. आता बटण बंद केल्यावर पाऊण मिनिटात कपॅसिटर रिकामा होतो. प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या मेनकडच्या वेटोळ्याला) ५०० मिलिअ‍ॅम्पियरचा स्लो-ब्लो फ्यूज घातला, कारण साधा फ्यूज पहिल्याच झोतात उडाला होता.

कपॅसिटर आयसीच्या हीटसिंकला अगदी खेटून होता, तो खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला. डबीचे तापमान १० अंशांनी उतरले की असा कपॅसिटर ढोबळमानाने दुप्पट टिकतो. तार लांबली, पण आता कोणती तार लांबलेली चालते आणि कोणती नाही, ते ठाऊक आहे : ब्रिज त्याच्याबरोबर हलवला, आयसीकडे जाणाऱ्या तारा लांबवल्या आणि आयसीच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर दिला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

संध्याकाळी काकांना बोलावले. चार तास अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून झाला होता, कपॅसिटर कोमटसुद्धा नव्हता, ट्रान्सफॉर्मर हाताला सोसेल इतका गरम. काकांनी तंबोरा स्पीकरला जवळजवळ टेकवून लावायला घेतला. पंचमाची तार छेडली, थांबले, खुंटी किंचित पिळली, पुन्हा छेडली. विस्पंद नव्हते.

“काका, तुम्हाला काही ऐकू येतंय?” मी विचारले.

“येतंय. तुझा पंखा,” ते म्हणाले. “तो बंद कर.”

पंखा बंद केला. शनिवारी सकाळी आठ वाजता खोके मांडवात न्यायचे आहे. झाकणाचे दोन स्क्रू अजून मिळालेले नाहीत.